चुकलं की एक पायरी खाली

वाबळे गुरुजींसमोर एखाद्या पोराला ‘हुशार’ म्हणायची सोय नव्हती. ‘ढ’ म्हणायची तर त्याहून नव्हती. मी शाळेत नवी नवी रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत सहज बोलून गेले, की गुरुजी, ती पुढच्या ओळीतली पोरगी भारी हुशार आहे हो. गुरुजी भाकरी मोडत होते, त्यांचा हात थांबला. म्हणाले, “हुशार म्हंजी कुठवर?” मी म्हटलं, कुठवर म्हणजे काय, हुशार म्हणजे हुशार. “तसं न्हवं बाई. हातच्याच्या बेरजेपत्तोर, का भागाकारापत्तोर?” तेवढं मी पाहिलंच नव्हतं. ते परत भाकरीकडे वळले आणि मी मनात म्हटलं, झालं, आता या तिरसट म्हाताऱ्याबरोबर नोकरी काढायची.

शाळा कळसजवळच्या एका वस्तीवर होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. मी बारामतीहून एसटीनं ये-जा करायची. माझे मिस्टर तेव्हा एमआयडीसीत नव्यानं लागले होते, ते मोटारसायकलवरून एकीकडे जायचे आणि मी डबा पिशवीत घालून दुसरीकडे. गुरुजी मूळचे कऱ्हाटीचे. आठवडाभर वस्तीवरच एका शेतकऱ्यानं दिलेल्या खोलीत राहायचे, शनिवारची सकाळची शाळा आटोपली की एसटी धरून गावी. उंच, हाडकुळा माणूस, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी आणि कानावर खडू. लोक कानावर बिडी ठेवतात, हे खडू ठेवायचे. त्यामुळे त्यांच्या कानाची एक बाजू कायम पांढरी असायची आणि त्यांना हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही.

शाळेशेजारून ओढा जायचा, म्हणून जोतं चांगलं उंच घेतलेलं होतं. मैदानातून व्हरांड्यात चढायला दगडी पायऱ्या होत्या, सात-आठ असतील. आमच्यासाठी त्या चढायच्या पायऱ्या. गुरुजींसाठी ती सगळी परीक्षा होती.

दर शनिवारी सकाळी प्रार्थना झाली की पायऱ्यांचा कार्यक्रम. पोरानं येऊन मधल्या पायरीवर उभं राहायचं. गुरुजी खाली मैदानात. एक हिशेब तोंडी विचारायचे. बरोबर आला की पोरगं एक पायरी वर, आणि पुढचा हिशेब जरा अवघड. चुकला की एक पायरी खाली, आणि पुढचा सोपा. खालची पायरी म्हणजे नुसती मोजणी, मग बेरीज, मग हातचा, असं करत वर व्हरांड्याला लागून अपूर्णांक. असं वर-खाली होता होता पोरगं एका ठिकाणी घुटमळायला लागायचं. वर गेलं की चुकतंय, खाली आलं की जमतंय. तसं घुटमळलं की गुरुजी खुशीत यायचे, हाताचा पंजा दाखवून थांबवायचे आणि म्हणायचे, “हां. तुझं हितनं सुरू.” सगळ्यांचं होईपर्यंत पोरगं त्याच पायरीवर कडेला उभं राहायचं. सोमवारी त्या पोराला नेमका तिथलाच अभ्यास मिळायचा.

वार्षिक परीक्षेवर त्यांचा भयंकर राग. “समद्यांना एकच पेपर. निम्म्या पोरांना लई सोपा, निम्म्यांना लई अवघड. कुणाचं काय कळलं त्यातनं?” असं म्हणून ते निकालपत्रकावर सही करायचे, आणि सहीसुद्धा अशी की जणू कुणी जबरदस्तीनं अंगठा घेतोय.

मी सुरुवातीला नाक मुरडलं. पोरांना असं सगळ्यांदेखत खाली उतरवायचं म्हणजे काय, लाज वाटत नसेल का त्यांना? पण गुरुजींनी त्याचीही तजवीज केली होती. खालच्या पायरीवरच्याला कुणी हसलं, तर हसणाऱ्याला पुढं बोलावून म्हणायचे, चल, आता याला कळंल असा पुढचा हिशेब तू विचार. पोरगं घामाघूम व्हायचं. प्रश्न विचारणं किती अवघड असतं ते आम्हा शिक्षकांनाच ठाऊक. महिन्याभरात हसणं बंद झालं होतं.

उत्तर ठोकून दिलेलं त्यांना लगेच समजायचं. बरोबर आलं तरी विचारायचे, “कसं काय?” आणि चुकलं तरी लगेच खाली उतरवायचे नाहीत. तोच हिशेब दुसरे कपडे घालून परत समोर आणायचे. आंब्यांचा चुकला तर तोच आकडा कोंबड्यांचा करायचे. दोन्हीकडे चुकलं तरच खाली. “माणसाचं ध्यान कवा कवा दुसरीकडं असतंय,” म्हणायचे. एवढा न्याय मला तर माझ्या सासरी कधी मिळाला नाही.

बरं, हे वेड शाळेपुरतं असतं तरी चाललं असतं. बारामतीच्या आठवडी बाजारात एकदा मी त्यांना वांगी घेताना पाहिलं. बाई जो भाव सांगेल तो आणि आपला, यांच्या बरोबर मधला भाव ते सांगायचे, तिनं मान हलवली की त्याच्याही मधला. बाई शेवटी वैतागून म्हणाली, घ्या बाबा फुकट, पण जा. घरी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, तीच तऱ्हा. मी पहिल्यांदा कऱ्हाटीला जेवायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “आमच्यात मीठसुदिक विचारून विचारून घालावं लागतं. चिमूट घाल, चाखवून घे, चिमूट घाल. चाळीस वर्षं आमटी निवूनच खाल्ली मी.” गुरुजी समोर बसून शांतपणे जेवत होते. आमटी खरोखर निवलेली होती, आणि चव मात्र फक्कड होती.

वस्तीवर एक ऊसवाले बागायतदार होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. साखर कारखान्याचे सभासद, घरी ट्रॅक्टर, बोलणं असं की समोरच्यानं उभं राहूनच ऐकावं. त्यांचा मुलगा तिसरीत. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ, पाहुणे आले की त्याला बैठकीत उभा करून म्हणायला लावायचे. तो पोरगा पायऱ्यांवर उभा राहिला आणि धडाधड खाली आला. आबा सोमवारी सकाळीच शाळेत हजर. माझ्या पोराला सालगड्यांच्या पोरांखाली उभा केलात म्हणून त्यांनी मैदानात आवाज चढवला. मी आतून दार अर्धं लावून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला त्यांची भीती वाटायची.

गुरुजींनी त्यांना पायरीवर बसवलं, पोराला बोलावलं आणि विचारलं, बारा सत्ते किती? चौऱ्याऐंशी, पोरगं ओरडलं. मग विचारलं, बारा गाड्या हायत, एका गाडीत सात मोळ्या उसाच्या, तर मोळ्या किती? पोरगं गाड्यांकडे बघावं तसं मैदानाकडे बघत बसलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. गुरुजी म्हणाले, “पाढा हाय त्याच्याजवळ. कशाला असतो ते अजून गावलं न्हाय. तेवढंच त्याचं काम ऱ्हायलंय, आबा. पोरगं खाली न्हाय, त्याचं सुरू तितनं हाय.” आबा पायरीवरून उठून गेले. दिवाळीपर्यंत ते पोरगं दोन पायऱ्या चढलं, आणि आबांकडून शाळेला पाण्याची टाकी आली.

माझा एक भाचा हल्ली पुण्यात कसलंसं काम करतो. मुलं संगणकावर अभ्यास करतात, आणि त्यांना कितपत येतं ते संगणकच ठरवतो. मला कौतुकानं समजावत होता, की मावशी, उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न आपोआप अवघड येतो, चुकलं की सोपा. मी म्हटलं, अरे मेल्या, हे आमचे गुरुजी ओढ्याकाठी दगडांवर करायचे. तो हसला. मग मी त्याला विचारलं, पोरगं मुद्दाम चुकलं तर कळतं का रे तुमच्या संगणकाला? तो म्हणाला, मुद्दाम कशाला कोण चुकेल, मावशी? पण मुद्दाम चुकणारी एक पोरगी मी पाहिली आहे, आणि तिनं वाबळे गुरुजींसारख्या माणसाला फसवलं होतं.

तिचं नाव सगुणा. सगळे सगू म्हणायचे. तिचा मोठा भाऊ बिरू. बाप म्हाकू, मेंढरं राखायचा. वस्तीवरच्या त्यांच्या भावकीतले बहुतेक लोक आता शेतीला लागले होते, कुणी दूध घालत होतं, कुणी कारखान्यात होतं, पण म्हाकूनं मेंढरं सोडली नव्हती. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला घाटाकडे जायचं, पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. त्या फिरण्यात पोरांची वर्षं बुडालेली, म्हणून भाऊ-बहीण दोघं एकदमच गुरुजींच्या तिसरीत बसली. बिरू दोन वर्षांनी मोठा, शांत, जरा भित्रा. सगू काटकीसारखी, केस कायम तेलाविना, आणि नजर अशी की आपण काय बोलणार ते तिला आधीच ठाऊक असावं.

शनिवारी दोघं पायऱ्यांवर. आधी बिरू. तो मधल्या पायरीवरून एखादी वर जायचा, तिथं घुटमळायचा. मग सगू. ती कधी बिरूच्या पायरीपर्यंत यायची, बहुतेकदा एक खालीच राहायची. त्याच्या वर मात्र कधी नाही. चार महिने गुरुजींनी दोघांना तपासलं. आंब्यांचं विचारलं, कोंबड्यांचं विचारलं, उलटं विचारलं. उत्तर तेच. एकदा मी म्हटलंही, गुरुजी, मला ही पोरगी चुणचुणीत वाटते हो. ते म्हणाले, “वाटण्यावर गेलो असतो बाई, तर पायऱ्या कशाला केल्या असत्या?”

दिवाळीची सुट्टी संपली आणि म्हाकू शाळेत आला. खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. पायरीवर बसेना, जमिनीवरच टेकला. त्याचं म्हणणं सरळ होतं. कळप हलवायचा होता. कोकरांमागं एक पोर हवंच होतं, कारण बायकोला बिऱ्हाडाचं असायचं आणि त्याला मेंढरांचं. दुसरं पोर वस्तीवर बहिणीकडे ठेवून शिकवता येईल. “तुमी मोजताय समद्यांना, गुर्जी. मला एवढंच सांगा, दोघांत कुणाचं डोस्कं चालतंय. त्याला ठिवतो.”

गुरुजींनी विचार केला. त्यांनी विचार केला हे मी पाहिलं, उगीच त्यांच्यावर आळ नको. मग म्हणाले, “बिरू वर हाय.”

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे कळप गेला, सगूही गेली. बिरू आत्याकडे राहिला.

त्यानंतरच्या शनिवारी बिरू पायरीवर उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. गुरुजींनी काही विचारलंसुद्धा नव्हतं. सगळी पोरं बघत होती. गुरुजी त्याला घेऊन ओढ्याकडे गेले, मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन. पोरगं हुंदके देत बोललं.

“मला सगूच शिकवती घरी. रातच्याला समदं तीच सांगती. तिला वरपत्तोर येतंय, गुर्जी.”

“मंग ती चुकती कशाला?”

“थोरल्याच्या वरच्या पायरीवर उभं ऱ्हायचं न्हाय. आय म्हणती, थोरल्याच्या डोईवर पाय आल्यावानी हुतंय ते.”

आमच्याकडे थोरांसमोर उंच आसनावर बसत नाहीत, हे मलाही माहीत होतं. पण त्या पायऱ्यांवर हे कुणाच्या डोक्यात यावं? पायऱ्या म्हणजे बेरीज-वजाबाकी, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या पोरीला त्या नुसत्या पायऱ्या दिसत होत्या, एकीखाली एक, आणि खालच्या पायरीवर तिचा भाऊ.

गुरुजींनी कानावरचा खडू काढून बोटांत फिरवला. मग एकदम म्हणाले, “बाई, ती किती किती चुकायची, आठवतं का? दर बारीला धाचाच फरक. सत्तेचाळीसचे सदतीस. ज्याला येत न्हाय तो कसाबी चुकतो. ही एकदाबी चुकून चुकली न्हाय. मी उत्तरं मोजली, चुका बघितल्याच न्हाईत.” त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला वाईट वाटलं. इतके दिवस या माणसाचा मला राग यायचा, त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. कसा ठेवणार?

ते मला म्हणाले, उद्या रविवार. म्हाकूचा कळप अजून लांब गेला नसेल, कऱ्हाटीच्या आसपासच कुणाच्या तरी रानात बसला असेल. तुम्ही चला, तिच्या आईशी बोलायला बाईमाणूस असलेलं बरं. मिस्टरांना सांगून मी रविवारी सकाळी कऱ्हाटीला गेले. काकूंनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि दारातून म्हणाल्या, हे रात्रभर झोपले नाहीत, जरा सांभाळून घ्या.

पुढं वर्षभरानं गुरुजी निवृत्त झाले, मला बारामती मिळाली, आणि त्यांच्या-माझ्या गाठी हळूहळू कमी झाल्या. आता ते नाहीत. पण गुरुजी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तो रविवारच येतो.

कळप कऱ्हाटीच्या पलीकडे, बाजरी काढून मोकळ्या झालेल्या एका रानात होता. रानाला खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. म्हाकूची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. सगू दोन कोकरं पोटाशी धरून बसली होती. आम्हाला बघून ती उठली नाही, फक्त कोकरं आणखी घट्ट धरली.

गुरुजींनी म्हाकूला रामराम घातला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “म्हाकूराव, मी तुमाला चुकीचं सांगितलं. पुन्यांदा बघू द्या.” म्हाकूला काही उलगडेना. इथं पायऱ्या कुठं आहेत, असं त्यानं विचारलं. गुरुजी म्हणाले, पायऱ्या नकोत. आता ती बसेल, मी चालेन.

त्यांनी सगूला होती तिथंच बसवलं. नांगरटीच्या सऱ्या लांबवर बांधापर्यंत गेल्या होत्या. उत्तर बरोबर आलं की गुरुजी एक सरी ओलांडून लांब जाणार, चुकलं की एक सरी जवळ येणार. तिच्या वर नाही, खाली नाही, कुणाच्या डोक्यावर नाही. सगूनं एकदा आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती.

पहिला प्रश्न, बरोबर. गुरुजी एक सरी गेले. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. त्यांचा गुडघा दुखरा होता, ढेकळांतून जाताना लंगडायचे. ती उत्तर देत राहिली आणि ते लांब लांब जात राहिले. आधी बोलून भागत होतं, मग जरा मोठ्यानं, मग अक्षरशः आरोळ्या. भर रानात एक म्हातारा टोपी सावरत ओरडतोय, पावणेदोनशेत साडेबावीस मिळवले तर किती गं, आणि इकडून ती काटकी कोकराच्या पाठीवर बोटं मोजत ओरडतेय, साडेसत्त्याण्णव आणि वर शंभर. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना पाणीही येत होतं. म्हाकू तर उठून उभाच राहिला. बांध जवळ आला तरी पोरगी चुकेना.

तेव्हा म्हाकू बायकोला म्हणाला, “पोरगी तर लईच निघाली गं. मंग असं कर, बिरूला बोलवून घिऊ कोकरांमागं, आन् हिला ठिवू शाळंत.”

वाईट हेतूनं बोलला नाही. हिशेबच तसा होता, एक पोर इकडं, एक तिकडं. पण सगूनं ते ऐकलं. मी तिच्या शेजारीच होते, तिचा हात कोकरावर थांबलेला मला दिसला.

गुरुजींनी बांधावरून विचारलं, एकशे चव्वेचाळीसचा पाऊण हिस्सा किती?

“अठ्ठ्याण्णव,” सगू ओरडली.

गुरुजी थांबले. तोच हिशेब त्यांनी मेंढरांचा करून विचारला. पुन्हा अठ्ठ्याण्णव. ते एक सरी अलीकडे आले. अडीचशेची निमपट? एकशे पंधरा. एक सरी अलीकडे. बारा सत्ते? चौऱ्याहत्तर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, गुरुजी, थांबा, तिनं काय ऐकलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. पण त्यांना गरज नव्हती. पहिल्याच चुकीला त्यांना कळलं होतं, हे मला त्यांच्या चालण्यावरून दिसलं. तरी ते प्रत्येक प्रश्न विचारत होते, प्रत्येक उत्तर ऐकत होते, आणि एकेक सरी लंगडत मागे येत होते. पाऊणशेतून अठ्ठावीस गेले? सदतीस. वीस आणि सात? सतरा. असं करत ते तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. मग खाली बसले, पायजम्याला माती लागली ते बघितलंसुद्धा नाही.

“काय झालं गं?”

मीच सांगितलं, म्हाकू काय म्हणाला ते. गुरुजींनी मान हलवली. मग त्यांनी तिला विचारलं, “सगू, तुला शाळंत यायचंय का?”

त्यांच्याबरोबर मी तीन वर्षं काढली होती. ज्याचं उत्तर त्यांना आधी ठाऊक नाही, असा प्रश्न विचारताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ठाऊक नव्हतंच त्यांना. तिच्याकडे असे बघत होते, की जणू तेच पायरीवर उभे आहेत.

सगूनं मान खाली घातली. “बिरूबी ऱ्हाणार आसंल तर व्हय.”

गुरुजींनी म्हाकूकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. दोघांनाही ठेवा म्हणणं सोपं होतं. कोकरांमागं कोण धावणार, ते सांगणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि जे त्यांना येत नाही ते त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. मी मात्र तशी शहाणी नव्हते. मी म्हाकूच्या बायकोजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, वहिनी, काहीतरी काढा की वाट. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मला म्हणाली, बाई, थोरल्याच्या वर लेकीनं उभं राहू नये, हे मीच सांगितलं तिला. माझ्या आयनं मला सांगितलं हुतं. त्यात काय चुकलं? मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग तिनं पीठ लागलेले हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमच्या चुलतभावाचा कळप मोरगावकडं हाय. त्याची तिन्ही पोरं मोठी हायती. ह्या साली आपली मेंढरं त्याच्यात घाला. राखणीपायी कोकरं त्याला जरा जास्त गेली तर जाऊ द्यात.”

म्हाकू चिडला. बापाच्या वेळेपासून आपला कळप वेगळा आहे, दुसऱ्याच्या मागं मागं चालायचं का, असं पुष्कळ बोलला. बायको ऐकत होती आणि भाकऱ्या करत होती. बोलून झाल्यावर तो मेंढरांकडे निघून गेला. बऱ्याच वेळानं परत आला, सगूच्या मांडीवरची कोकरं एकेक करून उचलून स्वतःच्या घोंगड्यात घेतली आणि गुरुजींना म्हणाला, “न्या हिला.”

एवढंच. आभार नाहीत, आणखी बोलणं नाही. आईनं तिचं दुसरं परकर-पोलकं फडक्यात बांधून दिलं. सगू आईच्या गळ्यात पडली नाही, रडलीही नाही. निघताना एकेका कोकराच्या डोक्यावर हात मात्र ठेवून आली.

दिवस मावळायच्या आत आम्ही कऱ्हाटीच्या थांब्यावर आलो. मी सगूला घेऊन बारामतीला जाणार होते, रात्री माझ्याकडे ठेवून सकाळी बरोबर शाळेत नेणार होते. गुरुजी सकाळच्या पहिल्या गाडीनं येणार होते. वाटेत गुरुजींनी तिला एकही हिशेब विचारला नाही.

एसटी आली. आम्ही चढलो, सगूला खिडकीशी बसवलं. गुरुजी खाली रस्त्यावर उभे होते, थकलेले, टोपी हातात घेतलेली. कंडक्टरनं घंटी मारली तशी ती पोरगी उठून उभी राहिली, खिडकीच्या दांड्यांना धरलं आणि ओरडली, “एकशे आठ.”

गुरुजींनी वर पाहिलं.

“एकशे पंचवीस. चौऱ्याऐंशी.”

दुपारी चुकवलेलं एकेक उत्तर होतं ते, ज्या क्रमानं विचारलं त्याच क्रमानं. गुरुजी गाडीबरोबर चालायला लागले. दुखऱ्या गुडघ्यानं चालत होते आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होते, आणि तोंडावर इतकं हसू होतं की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. गाडीनं वेग घेतला, ते मागे पडले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. धुळीत त्यांची उंच आकृती तेवढी दिसत होती.

सत्तेचाळीस आणि सत्तावीस त्यांना ऐकू गेले नाहीत. ते मी ऐकले.